न्हाणीतले देव

टाइल्स लावलेल्या देवळात गणपाआण्णा पाय ठेवत नसत. रस्त्यावरूनच ओरडत, "देवा, न्हाणीत हायस व्हय? उरक निवांत. मग येतो!" पुजारी चिडत, बायका तोंडाला पदर लावत, आणि आण्णा पायताण करकरवत पुढच्या देवळाकडं निघत.

आण्णा आमचे शिवाजी पेठेतले शेजारी. सगळी हयात जकात नाक्यावर कारकुनी करण्यात गेलेली. रिटायर झाले तरी रस्त्यानं जाणारी हातगाडी अडवून "काय हाय आत?" विचारायची खोड काही गेली नाही. आत सिमेंट निघालं की पुढचा सवाल ठरलेला, "कुठल्या देवाच्या बोकांडी?" एकदा ते सिमेंट कुणाच्या तरी संडासाचं निघालं. आण्णा इतके खूश झाले, की चढावर गाडीला मागून धक्का मारून आले.

त्या काळात गावाला जीर्णोद्धाराची हौस फार. काळ्या दगडाला ऑइलपेंट, कोरीव खांबांना पांढऱ्या टाइल्स, वर ट्यूबलाइट. सगळ्यांनाच ते झकपक आवडायचं. हे रोखायला एकटे आण्णा, आणि त्यांच्या हातात हत्यार एकच, तोंड.

शेवटी पाळी आली आमच्या गल्लीतल्या महादेवाची. ठेंगणं, दगडी देऊळ. गाभाऱ्याबाहेरच्या खांबांवर ओंजळीएवढे हत्ती कोरलेले. कमिटीची बैठक भरली. आण्णा न बोलावताच गेले. मीही होतो.

"आण्णा, देव कसा स्वच्छ दिसंल की!" अध्यक्ष म्हणाले.

"का? दवाखान्यात घातलायसा व्हय त्याला?"

सगळे खो खो हसले. मग आण्णांनी, कधी नव्हे ते, हात जोडले. "माझ्या आयेला दिसत न्हाय, ठावं हाय तुमास्नी. त्ये हत्ती चाचपत म्हातारी एकटी देवापतूर जाती. ती हाय तवर थांबा. मग सोन्याच्या टाइल्स लावा की, मी कडंला बसून टाळ्या वाजवतो."

"हाताला धरून न्या की म्हातारीला! तुमचं हात मोडल्यात व्हय?" मागून कुणीतरी बोललं. पुन्हा हशा. आण्णा म्हणजे गंमत, ही सवय आम्हाला इतकी जडली होती, की हा माणूस आज खरोखर काही मागतोय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. त्याची चुटपुट मला अजून आहे.

टाइल्सची हातगाडी आली तेव्हा आण्णा दारातच बसले होते. त्यांनी ती अडवली नाही.

काम पुरं झाल्यावर एका सोमवारी मी देवळात गेलो. आण्णा आत होते, आईला धरून. तिचा हात त्यांनी गुळगुळीत टाइलवर टेकवला होता, आणि एरवी गल्ली दणाणून सोडणारा तो माणूस हळू आवाजात सांगत होता, "ह्यो बघ आये, तुजा हत्ती. हितं सोंड. ह्यो कान."

म्हातारीनं बराच वेळ त्या टाइलवरून बोटं फिरवली. मग चाचपडत तो हात लेकाच्या गालापर्यंत नेला, आणि तिथंच ठेवला.

"व्हय की रं," ती म्हणाली. "हाय की हत्ती. जरा झिजलाय, एवढंच."