तुम्हीपण चला ना व्हिएन्नाला!

डिसेंबरात मुंबईला जाता जाता वाटेत तीन दिवस व्हिएन्नाला उतरायचं आणि तिथे काहीही करायचं नाही, असं मालिनी आणि श्रीरंगचं एका रविवारी सकाळी ठरलं. ठरलं त्याच क्षणी टोस्टरमधून टोस्ट उडाला आणि मालिनी दचकली. (टोस्टर त्यांच्या अमेरिकेतल्या, एडिसन गावातल्या संसाराइतकाच जुना होता आणि रोज सकाळी तसाच उडत होता. पण मालिनीला दचकायला नवीन कारण कधीच लागलं नाही.)

"म्हणजे काहीच बघायचं नाही?" तिने छातीवर हात ठेवून विचारलं.

"वाटेत राजवाडा आला तर बघू. त्यासाठी मान वळवावी लागली तर राहू दे."

"मग दिवसभर करायचं काय?"

"कॅफेत बसायचं. तिथे म्हणे एक कॉफी मागवली की कोणी उठा म्हणत नाही. उलट अधूनमधून पाण्याचा ग्लास आणून ठेवतात."

"आणि दोघंच?"

"दोघंच."

हा 'दोघंच' शब्द मालिनीने मनातल्या मनात दोन-तीनदा म्हणून पाहिला. राजवाडे, चित्रं, संगीत हे सगळं व्हिएन्नात होतं तिथे सुखात राहो; तिला हवा होता तो एवढा एकच शब्द. लग्नानंतर ती दोघं पन्हाळ्याला गेली, तेव्हा बरोबर सासूबाई होत्या, एक मावससासू होत्या आणि मावससासूंचा दम्याचा पंप होता. कारण जीप ठरवलीच आहे तर जागा रिकामी कशाला न्यायची? पुढे अमेरिकेत आल्यावर तरी निवांतपणा मिळेल म्हणावं, तर हॉलमधल्या सोफ्यावर कायम कोणीतरी नव्याने आलेला इंजिनिअर झोपलेला असे. एक गेला की त्याच्या उशीचा अभ्रा वाळायच्या आत दुसरा. उरला श्रीरंग, तर तो कंपनीच्या लॅबमध्ये असे, तेही शनिवार धरून.

"तिकिटं हातात येईपर्यंत कोणाला सांगायचं नाही," श्रीरंग म्हणाला.

"मी कशाला सांगतेय!" मालिनी म्हणाली, आणि तिचा यावर मनापासून विश्वास होता.

पुढच्याच शनिवारी दोघं दिगंबरकाकांकडे जेवायला गेली. दिगंबरकाका नात्याचे कोणी नव्हेत. पण मालिनी विमानतळावर उतरली तेव्हा तिच्या अंगावर पहिला गरम कोट घातला तो शोभाकाकूंनी, आणि तिला ड्रायव्हिंग शिकवलं ते काकांनी, स्वतःच्या गाडीवर, स्वतःचा जीव मुठीत धरून. (एकदा मागून हॉर्न वाजला म्हणून तिने दचकून दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून कानांवर ठेवले होते. काकांनी तो प्रसंग आजतागायत कोणाला सांगितला नव्हता.) अशा माणसांचं मन मोडणं म्हणजे आईवडिलांचं मोडण्यासारखंच.

काकू पोळ्या वाढत होत्या. वाढता वाढता त्यांनी सहज विचारलं, "मग, डिसेंबरात डायरेक्ट मुंबई ना गं?"

त्याच वेळी खाली काकांच्या गॅरेजचं दार धडधडत आपोआप वर गेलं. मालिनी दचकली आणि तोंडातून निघून गेलं, "नाही, मध्ये व्हिएन्नाला थांबतोय!"

श्रीरंगने तिच्याकडे पाहिलं. काकूंनीही पाहिलं. काका रिमोट हातात घेऊन वर आले आणि तेही पाहायला लागले. ती शांतता मालिनीला सोसेना. आपण एवढ्या मोठ्या माणसांपासून काहीतरी लपवत होतो हे तिच्या चेहऱ्यावर लख्ख लिहिलं गेलं असावं असं तिला वाटलं, आणि ते पुसायला ती घाईघाईने म्हणाली, "तुम्हीपण चला ना!"

आता इथे थोडा खुलासा करायला हवा. मालिनी मिरजेची. मिरजेला तिच्या घरात दारावर आलेल्या माणसाला 'चला जेवायला' म्हणत. त्याने 'छे छे, आत्ताच झालं' म्हणायचं. मग 'असं कसं, दोन घास तरी'. मग 'नको, खरंच नको'. आणि मग तो माणूस आपल्या घरी आणि आपण आपल्या पाटावर. यात कोणाची फसवणूक नसे. दोन्हीकडच्यांना आपापले शब्द पाठ असत. मालिनीने तिच्या बाजूचा पहिला शब्द टाकला होता आणि काकांच्या 'छे छे'ची ती निर्धास्तपणे वाट पाहत होती.

पण दिगंबरकाका वीस वर्षं अमेरिकेत होते. वीस वर्षांत माणूस आपले शब्द विसरतो.

"शुअर!" काका म्हणाले. "व्हाय नॉट? आम्हीपण यंदा इंडियाला जायचं म्हणतच होतो. काय गं?"

काकूंनी तोंड उघडलं होतं, पण त्यातून काही यायच्या आत काकांनी टाळी वाजवली. मालिनी पुन्हा दचकली. श्रीरंगला आमटीचा ठसका लागला, तो घरी पोचेपर्यंत गेला नाही.

"तू त्यांना आग्रह केलास!" गाडी रूट सत्तावीसला लागल्यावर तो म्हणाला.

"एकदाच केला रे!"

"इथे एकदाच पुरतो."

"पण मला काय माहीत ते हो म्हणतील? आपल्यात हो म्हणतं का कोणी?"

तो खोकत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून व्हिएन्नाचा ताबा काकांनी घेतला. काका भूल देणारे डॉक्टर. उभा जन्म लोकांना झोपवण्यात गेल्यामुळे सुट्टीच्या दिवशी कोणी झोपलेलं त्यांना बघवत नसे. उजाडायच्या सुमारास फोन वाजे, मालिनी पलंगावरून दचकून उठे, आणि काका विचारत, "श्रीरंग, तुला घोडे आवडतात का?"

"घोडे?"

"तिथे घोड्यांच्या नाचाची प्रॅक्टिस बघायला मिळते. सकाळी. लाइन लावावी लागते, सो आपण अंधार असतानाच निघू. नंतर राजवाडा. दुपारी दुसरा राजवाडा."

"काका, आम्ही जरा कॅफेत बसावं म्हणत होतो."

"बसू की! बस टूरमध्ये बसूनच तर असतो आपण."

काकूंचं वेगळंच चाललं होतं. परदेशात आपल्या लोकांना खायला मिळत नाही यावर त्यांची श्रद्धा होती. (एडिसन हा परदेश आहे हे त्या कधीच विसरून गेल्या होत्या.) त्यांनी राइस कुकर बरोबर न्यायचं ठरवलं. युरोपातला करंट वेगळा, म्हणून विटेएवढा एक जड कन्व्हर्टर आणला. मालिनीने एकदा धीर करून म्हटलं, "तिथे केक फार छान मिळतात म्हणे." काकू म्हणाल्या, "मिळू देत बाई. पण केकवर का पोट भरतं? मी मेतकूट घेतलंय."

हे सगळंही मालिनीने गिळलं असतं. घोडे पाहिले असते, मेतकूट-भातही खाल्ला असता. पण एका सकाळी काकांनी उत्साहाने कळवलं की हॉटेलात फॅमिली रूम मिळते आहे. चार पलंग, एकच खोली.

"आपण फॅमिलीच आहोत!" काका म्हणाले. "आणि मध्ये पडदा असतो म्हणे."

श्रीरंगने फोन ठेवला. "पडदा," तो म्हणाला.

"तू सांग ना त्यांना," मालिनी म्हणाली.

"आमंत्रण तू दिलंस."

मग मालिनीने सुचवण्याचा मार्ग धरला. आपल्याकडे स्पष्ट बोलत नाहीत, सुचवतात, आणि समोरचा समजून घेतो. व्हिएन्नात डिसेंबरात फार थंडी असते, तुमचे गुडघे दुखतील, असं तिने काकूंना सुचवलं. काकूंनी चौघांसाठी गरम आतले कपडे आणले. रस्त्यावर फार चालावं लागतं, असं तिने काकांना सुचवलं. काका रोज मॉलमध्ये फेऱ्या मारायला लागले आणि आठवड्याभरात त्यांची पँट सैल झाली. त्याबद्दल त्यांनी मालिनीचे आभार मानले.

"सुचवणं बंद," श्रीरंग म्हणाला. "त्यांची तब्येत आणखी सुधारेल. सरळ सांग. काकूंना सांग. मराठीत जमत नसेल तर इंग्लिशमध्ये सांग."

ते तिला पटलं. मराठीत तोंडातून न निघणाऱ्या गोष्टी इंग्लिशमध्ये कोणीतरी दुसरंच बोलतंय अशा सुरात सांगता येतात. बाथरूमच्या आरशासमोर तिने वाक्य घोटून घोटून पाठ केलं. श्रीरंगने वर एक सूचना दिली, "आणि त्या 'बरं, नाही येत' म्हणाल्या, की फक्त 'ओके' म्हणायचं. पुढे एक अक्षर नाही. तोंड मिटून घे. हवं तर जीभ चाव."

दुसऱ्याच दुपारी बेल वाजली. मालिनी दचकली. दारात काकू उभ्या, हातात चकल्यांचा डबा. मालिनीने चहा टाकला, कप ठेवले, मनात इंग्लिश वाक्याची जुळवाजुळव केली आणि तोंड उघडणार, तेवढ्यात काकूच म्हणाल्या,

"मालिनी, आम्ही काही व्हिएन्नाला येत नाही गं."

मालिनीचा कानांवर विश्वास बसेना.

"ह्यांनी त्या दिवशी पटकन शुअर म्हणून टाकलं. मला तर नाही म्हणायलाही सवड दिली नाही. तेव्हापासून खातंय मला ते. तुम्ही तरुण माणसं, तुमच्यात आमची लुडबुड कशाला? तुम्ही जा दोघंच."

दोघंच! साक्षात काकूंच्या तोंडून 'दोघंच'! मालिनीच्या घशापर्यंत 'असं कसं' आलं होतं. तिने दातांखाली जीभ धरली, ती खरोखरच चावली गेली, आणि डोळ्यांत पाणी येता येता ती म्हणाली, "ओके."

काकू थांबल्या. मालिनीही थांबली. साखर केव्हाच विरघळलेला चहा काकू ढवळत राहिल्या, जसं काही कपाच्या तळातून अजून एखादा शब्द वर यायचा आहे. मग त्यांनी चमचा बशीत ठेवला.

"ओके," त्या हळूच म्हणाल्या. "बरं, ओके तर ओके."

"चहा घ्या ना काकू."

"घेते." त्यांनी घेतला नाही. "मी वीस वर्षं आहे हो इथे. पण घरी आलेल्या माणसाला असं नुसतं 'ओके' नाही बाई मी कधी म्हटलं. चालायचंच. तुमची पिढी वेगळी. डबा सावकाश परत केलास तरी चालेल. नाही केलास तरी चालेल."

आणि त्या पर्स घेऊन उठल्या. उठताना त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. दुखणाऱ्या नव्हे, दुसऱ्याच. पण मालिनीला ते कुठलं दिसायला? तिला दिसला तो विमानतळावरचा गरम कोट, आणि तो घालताना तिच्या गळ्याशी बटण लावणारी काकूंची बोटं. संपलं. आरशासमोरची तालीम, श्रीरंगची सूचना, चावलेली जीभ, सगळं एकदम कोसळलं.

"काकू, असं कसं!" ती अक्षरशः ओरडली. "तुम्हाला यायलाच पाहिजे!"

"छे छे, उगाच काहीतरी."

"उगाच नाही! तुम्ही नसाल तर मजा काय?"

"नको गं, खरंच नको."

इथे मिरजेत विषय संपला असता. मालिनीलाही ते ठाऊक होतं. पण 'ओके'चं पाप एवढं मोठं होतं की ते नेहमीच्या दोन आग्रहांत फिटेल असं तिला वाटेना. तिने तिसरा केला. "तुम्ही येणार नसाल तर आम्ही आमचंच कॅन्सल करतो!"

काकू पुन्हा खुर्चीत बसल्या. चहाचा घोट घेतला. चेहरा असा उजळला की खिडकीचा पडदा सारल्यासारखं वाटलं.

"वेडी कुठली! कॅन्सल कशाला करतेस? आमची तिकिटं आली की काल." आणि त्यांनी पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

मालिनी पाकिटाकडे बघत राहिली. "म्हणजे तुमचं यायचं आधीच…"

"ठरलेलंच होतं की! पण एकदा रीतसर नाही म्हणायला नको का?"

यावर काय बोलावं हे मिरजेने तिला शिकवलं नव्हतं आणि एडिसननेही नाही. तरी शेवटचा म्हणून तिने जीव एकवटला. सगळं जाऊ दे, निदान ती एक गोष्ट.

"काकू, ती फॅमिली रूम…"

काकूंनी तिच्या हातावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. "मला का कळत नाही गं? तरुण मुलगी तू. एका खोलीत सगळे म्हणजे तुला अवघडल्यासारखं होणार. मी ह्यांना काल ठणकावून सांगितलं, एक खोली मुळीच नको. चांगल्या दोन घेतल्यात."

जिला आपण नुसतं ओके म्हणून मोकळे झालो होतो, ती ही माउली! मालिनीने काकूंचा हात घट्ट धरला.

"एक आपल्या दोघींना," काकू म्हणाल्या, "आणि एक त्या दोघांना. हे इतके घोरतात, मी इतकी वर्षं धड झोपले नाहीये. तीन दिवस श्रीरंग ऐकेल. आपण दोघी मस्त गप्पा मारू."

"थँक्यू काकू," मालिनी म्हणाली.

काकू बशीतला चमचा उचलून पुन्हा चहा ढवळायला लागल्या.

"अगदी मनापासून," मालिनी म्हणाली.