धर्माकाकांची चुन्याची रेघ

धर्माकाका माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. तेही कोरड्या पायांकडे नाही. त्यांच्या ओट्याच्या पायरीशी बादली आणि तांब्या ठेवलेला असतो. आमच्या खाडीकाठच्या गावात पाय धुतल्याशिवाय कोणी घरात शिरत नाही, त्यामुळे पाहुण्याला संशय येत नाही. तो पाय धुतो, लाल कोब्यावरून चार पावलं टाकतो आणि काका त्याला 'या' म्हणायच्या आधी त्याच्यामागे उमटलेल्या ओल्या पावलांवर वाकतात. टाच आणि चवडा यांच्यामध्ये कोरडी जागा राहिली असेल तर म्हणतात, "कमान हाय. फिट." तळवा अख्खा उमटला असेल तर, "सपाट. कॅन्सल."

मग मान वर करून विचारतात, "बसा. कोन तुमी?"

त्यांच्या भाचीला बघायला रोह्याहून पाच माणसं आली होती. पाचही जणं पाय धुऊन आत गेली. पोहे आले तरी काका कोब्यावर ओणवेच. "तीन नंबरचा कोन?" त्यांनी विचारलं. तीन नंबरचा नवरदेव होता. "अनफिट," काका म्हणाले. लग्न झालं, भाचीला दोन मुलं झाली, जावई सोन्यासारखा निघाला. काका अजून त्याला 'आमचा अनफिट' म्हणतात. निवडणुकीत मत मागायला एक पुढारी आले, तेव्हा त्यांचेही पाय तपासले गेले. "सायेब, तुमी मेडिकलला नाय टिकनार." पुढारी हसले. हसणं त्यांना परवडतं. त्यांच्या घरातून भरतीला कोणीच जात नाही.

या वेडाला कारण आहे. काका तरुणपणी सैन्यभरतीला गेले होते. पळण्यात पहिले आले, बीमवर दहा वेळा हनुवटी वर नेली, नऊ फुटी खड्डा एका उडीत ओलांडला. शेवटी डॉक्टरांनी त्यांना ओल्या पायांनी फरशीवर उभं केलं, खाली बघितलं आणि एकच शब्द उच्चारला. काका परत आले ते मिठागरात कामाला लागले. मिठाच्या वाफ्याची जमीन पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावी लागते. त्या कामाला सपाट पाय म्हणजे वरदान. "देशाला नाय चालले, मिठाला चालले," असं ते सांगतात आणि स्वतःच हसतात. आपण हसायचं की नाही, हे मला कधी कळलं नाही.

मिठागर बंद पडलं. काकी गेल्या. मूलबाळ नव्हतं. मग काकांनी गळ्यात काळ्या दोऱ्याने स्टॉपवॉच अडकवलं आणि गावातल्या पोरांना भरतीसाठी पळवायला सुरुवात केली. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून खाडीला घातलेला मातीचा बांध, हे आमचं मैदान. पाणी सोडायची उघाडी आहे तिथून निघायचं आणि मिठाच्या जुन्या कोठीपाशी पोचायचं. बरोबर सोळाशे मीटर. काकांनी स्वतः मोजून दोन्ही टोकांना चुन्याची रेघ मारलेली. पाऊस नसेल तर दर रविवारी ती रेघ ताजी व्हायची. घराच्या भिंतींना मात्र काकी असताना लागलेला तेवढाच चुना.

बांधावर पहिलं पाऊल टाकलं की पोराचं नाव संपायचं. भरतीत छातीवर लावतात तसा काकांकडून नंबर मिळायचा. मी सतरा नंबर. लग्नाच्या पंगतीतही ते ओरडायचे, "सतरा नंबरला अजून भात वाढा!"

माझ्या तळव्याला कमान जरा कमी होती. उपाय म्हणून मला पायाच्या बोटांनी चिंचोके उचलायला लावले. बारावीचा अभ्यास करताना टेबलाखाली माझा डावा पाय चिंचोके वेचत असे. आजही खाली पडलेला चमचा मी न वाकता उचलू शकतो. शिक्षणाचा एवढा ठोस फायदा मला दुसरीकडे झालेला नाही.

काकांची दोन वाक्यं बांधावर रोज घुमायची. पोर धापा टाकत मागे राहिलं की, "दम हाय, टायम नाय!" आणि कोणी म्हटलं, काका, आज सोळाशे झाले, पुरे, तर, "जादा पळलेला कमी पडत नाय."

आम्ही का पळत होतो? देशाच्या प्रेमाने किती आणि दुसरं काहीच नव्हतं म्हणून किती, हे बांधावर कोणी विचारत नसे. भाषणं करणाऱ्यांनी कधी हिवाळ्यात अनवाणी त्या चिखलावर पळून बघावं. मीठ संपलं, शेतीचे तुकडे झाले. पोरांसमोर दोन गेटं उरली. एका गेटातून आत जायला साडेपाच मिनिटांत सोळाशे मीटर पळावं लागतं. दुसरं गेट कारखान्याचं, डोलवीकडच्या रस्त्यावर, तिथे ठेकेदाराचा निळा गणवेश घालून बाहेर उभं राहायचं. पहिल्या गेटातून गेलेल्यातलेही बरेच आता सैन्याच्या नव्या नियमाने चार वर्षांनी परत येणार. "मग पुढे काय, काका?" असं मी एकदा विचारलं. उत्तर आलं, "कॅन्सल. प्रश्न कॅन्सल. पळ."

काकांच्या हाताखालून अकरा नंबर पास झाले. प्रत्येक जण जायच्या दिवशी ओट्यावर आला, पाय धुतले, पाया पडला. काका ओली पावलं वाळेपर्यंत तिथे बसून राहायचे. नंतर त्या पोराचा गणवेशातला फोटो गावाच्या मोबाइलवर फिरायचा. सुट्टीत पोरगं यायचं, पेणच्या बाजारात दिसायचं, नवी मोटारसायकल उडवत बांधाखालून जायचं. ओट्यावर यायचं राहून जायचं.

मग एका उधाणाच्या भरतीने बांध फुटला. आमच्याकडे म्हणतात, खांड गेली. पाण्याने तिथे एवढा खोल डोह पाडला की तो बुजवता येईना. गावाने डोहाला वळसा घालून नवा बांध घातला. चिखलाचे गोळे वाहण्यात काका सगळ्यांच्या पुढे. पंधरा दिवसांत आम्ही पुन्हा पळायला लागलो, आणि सगळ्यांचे टायम बिघडले. माझा पाच मिनिटं पंचावन्नच्या खाली येईना. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, पण घड्याळ हलेना.

फॉर्म भरायची वेळ आली. बांधावरचा कायदा साधा होता. काकांच्या घड्याळात बसेल त्यानेच जायचं. त्यांनी घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं. "सतरा नंबर, हे बघ. असा जाशील नि गावाचं नाव घालवशील. थांब एक वरीस."

मी थांबलो. त्या वर्षी आमच्या बांधावरून एकही पोर गेलं नाही. सगळे रोज पळायला येत होते. काका आम्हाला शिव्या घालत होते, पण इतके खुशीत की मला नवल वाटलं. चहात गूळसुद्धा जास्त पडायचा.

पुढच्या भरतीची जाहिरात आली तेव्हा माझं वय तीन महिन्यांनी उलटलं होतं. मी रोह्याला एका कंपनीत लागलो आणि पुलापलीकडे अष्टमी गावात खोली घेतली. पळायची सवय सुटेना. एकदा शिफ्ट संपल्यावर मोबाइलवर अंतर लावून कुंडलिका नदीच्या काठाने पळालो. सोळाशे मीटर झाले तेव्हा बघितलं, पाच मिनिटं पंचवीस सेकंद. मोबाइल बिघडला असेल म्हणून दुसऱ्या दिवशी मित्राचा घेतला. पाच पंचवीस.

रविवारी गावी गेलो. घरीसुद्धा न जाता चपला काढल्या आणि उघाडीपासून कोठीपर्यंत मोजत चाललो. सतराशे चाळीस. डोहाच्या वळशाने बांध एकशेचाळीस मीटर वाढला होता. चुन्याची रेघ मात्र जुन्या जागीच, ताजी, पांढरीशुभ्र.

तसाच काकांच्या ओट्यावर चढलो. बादलीकडे बघितलंही नाही. लाल कोब्यावर काळा चिखल उमटला. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं.

"काका, बांध फिरवून घातला. रेघ सरकवायला नको होती?"

"व्हय."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"बांध मीच घातला ना रं."

"माझा टायम बसत होता! पाच पंचवीस! मी पास झालो असतो!"

"जादा पळलेला कमी…" ते वाक्य त्यांनाच पेलेना. मग गळ्यातला दोरा चाचपत म्हणाले, "अकरा पोरं गेली, सतरा नंबर. एक तरी मागारी आला काय ह्या ओट्यावर? कोनाची वाट नाय बघितली मी? म्हटलं, हा लॉट येक वरीस ऱ्हाऊ दे. पुढल्या साली भरतीच्या आधी रेघ सरकवतो. तुला अडवायचं नव्हतं रं. नुसतं थांबवायचं होतं."

"आणि माझं वय?"

काकांनी बोटांवर मोजून पाहिलं. ओठ हलले. त्यांनी आमची छाती मोजली होती, तळवे मोजले होते, सेकंद मोजले होते. वय कधी धरलंच नव्हतं.

"ते ध्यानात नाय आलं," ते म्हणाले.

पुढे मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्यातला एकही शब्द मी मागे घेतलेला नाही. माणूस एकटा आहे म्हणून दुसऱ्याचं वर्ष खायचा हक्क त्याला मिळत नाही. आणि हेही खरं की ज्या गावात म्हाताऱ्याला माणसं टिकवायला सोळाशे मीटर लांबवावे लागतात, त्या गावाचीही चौकशी व्हायला हवी. अकरा जणांची तर आधी.

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. भात कापून झाला, शेळी व्यायली, वगैरे. मग म्हणाली, "अरे, धर्माभावजींच्या ओट्यावर तुझ्या चिखलाचे पाय हायत ना, ते अजून तसेच हायत. मी झाडू घेऊन गेले तर मला म्हनले, ऱ्हाऊ दे गो, सतरा नंबर आलाय. लोकांना पलीकडच्या दारानं आत घेतात."

"आणि रेघ?" मी विचारलं.

"ती तर तू गेलास त्याच दिशी सरकवली. उन्हातान्हात स्वतः मोजून. यंदा दोन पोरं पास झाली बघ."

"मग? आली का ओट्यावर?"

"जाताना आली की. पाय धुऊन, पाया पडून गेली. एक परवा सुट्टीवर आलाय. पेणला दिसला म्हनतात."

ओट्यावर तो अजून गेलेला नाही. मीही गेलेलो नाही.