चौघडा थांबला ते वर्तमान

श्री. आई कुलस्वामिनीपुढे निरांजन लावून, सोमवारची उपाशी, जे कानी आले ते लिहिते. अधिक-उणे आईने पदरात घ्यावे. शके १६५२ साधारणनाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य पक्ष. ते समयी घाटमाथ्यावर एक राज्य होते, नाव सांगू नये. त्या राज्याची चाल ऐशी की, महाराज शयनमहाली गेले म्हणजे दारी चौघडा सुरू व्हावा आणि ते बाहेर येत तोवर वाजत राहावा, आणि राणीवाचून कोणी उंबरा ओलांडू नये. मध्येच चौघडा थांबला तर महाराज कैलासवासी जाहले ऐसे समजावे. मगच परपुरुषाने आत पाऊल टाकावे, तेही देह उचलावयास.

तर महाराजांस संतान नव्हते. म्हणोन कोण्या फिरत्या वैदूकडून चूर्ण आणविले. वैदू म्हणाला चिमूट घ्या, महाराजांनी मूठ घेतली. आणि दुपारचे भोजन करून महाली गेले, आणि चौघडा सुरू जाहला. लिहिताना लाज वाटते, परंतु लाजेनेच पुढील अनर्थ जाहला, म्हणोन लिहिते. समागम उरकला, इच्छा सरली, तरी महाराजांचे अंग उतरेना. महाराज हसून बोलिले, "पाहिलेत? औषध नामी आहे." राणी गिरजाबाईसाहेबही हसल्या. मग हसू ओसरले. कोनाड्यात घटिकापात्र होते, ते पाण्यात बुडे आणि राणीसाहेब रिते करून पुन्हा ठेवीत. गार पाण्याच्या घड्या ठेविल्या, महाराजांनी येरझारा घातल्या, काही उतार पडेना. दहावे पात्र बुडाले, म्हणजे दहा घटका, उगवतीपासून मावळतीपर्यंतच्या दिवसाचा तिसरा हिस्सा लोटला, आणि कळ ऐशी उठली की महाराजांनी उशी दातांत धरिली. म्हणाले, "हे आमचे नव्हे, गिरजा. दुसराच कोणी अंगात ठाण मांडून बसला आहे. आमचे ऐकत नाही."

राणीसाहेब बोलिल्या, "अनंभट वैद्यांस बोलावते."

"खबरदार! त्यास आत आणाल कसे? चौघडा थांबवून? आणि आला तर त्यास काय दाखवावे? आमच्या गळ्याची शपथ आहे."

बाहेर कारभारी मोराजीपंतांनी हा मोठा शुभशकुन मानिला आणि हत्तीवरून साखर वाटिली. पाणवठ्यावर बायका तोंडाला पदर लावून हसत. एक म्हणाली, "अगो, आमच्यांना नेऊन दाखवा म्हणावं, दोन घास जेवले की घोरतात!" मग सांज जाहली, रात्र सरली, उजाडले, आणि चौघडा चालूच. मग कोणी हसेना. वाड्यावरची पारवी उडाली ती परतली नाहीत. गाई पान्हा चोरू लागल्या. सटवोजी घडशी म्हणोन चौघड्याचा मुख्य, त्याची बोटे फुटून कातड्यावर रक्त उमटले, आणि त्याचे भाऊबंद झोपेत, मिटल्या डोळ्यांनी वाजवीत राहिले, आणि ताल चुकेना. गावात माणसे उगाच हळू बोलू लागली.

आत महाराजांचे ओठ पांढरे पडले. राणीसाहेब देवापुढे बसल्या, मग उठल्या, कुंकू नीट केले आणि उंबऱ्यावर येऊन म्हणाल्या, "सटवोजी, हात थांबवा."

"आईसाहेब, महाराज बाहेर आले नाहीत. थांबलो तर..."

"ठाऊक आहे."

"तुमचं कुंकू, आई!"

"माझं कुंकू माझं मी बघेन. थांबव रे बाबा, लेकरा, थांबव."

आणि चौघडा थांबला. तो ऐशी शांतता पडिली की झाडाचे पान हलले तेही लोकांनी ऐकिले. मग वेशीकडून रडे उठले आणि घरोघर पसरले. चालीप्रमाणे राणीसाहेबांनी बांगड्या उंबऱ्यावर आपटून फोडिल्या. मग अनंभट वैद्य आले, मागे तिरडी घेऊन चौघे. वैद्यांनी शेला दूर केला आणि चरकून मागे सरले. "अहो, हे श्वास घेतात!"

"म्हणूनच तुम्हांस बोलावले. काल दुपारपासून अंग उतरले नाही."

"काल दुपार?" वैद्यांनी घाईने थैली सोडिली. "बाईसाहेब, रक्त आत शिरले ते परत फिरेना, कोंडून नासते. दहा घटका होताच हाक मारावयाची. इच्छा नसता अंग ताठ राहते, कळ मारते, तेव्हा घड्या ठेवून वाट पाहू नये. ताप नव्हे तो, की उद्या उतरेल."

आणि सुईने रक्त काढिले. पहिले आले ते काजळीसारखे काळे, मग पुष्कळ वेळाने तांबडे. महाराजांची कळ निवाली आणि डोळा लागला. वैद्य हात धूत म्हणाले, "जीव राहिला. परंतु त्या अंगास पूर्वीचे बळ येणे आता कठीण. वेळेत येतो तर ऐसे बोललो नसतो."

तिरडी रिकामी नेऊ नये, म्हणोन चौघांनी महाराजांची पगडी तीवर ठेवून नेली आणि अग्नी दिधला. पुढे महाराज बरे होऊन बाजारपेठेत आले, तो लोक बाजूस होऊन मान खाली घालीत, कोणी तोंडाकडे पाहीना. महाराज एका माळणीस म्हणाले, "बाई, मी जिवंत आहे गं." ती हात जोडून बोलिली, "होय महाराज, गेलेली माणसं असंच म्हणतात." आणि त्यांच्या पायाशी भाताचा पिंड ठेविला.

गादीवर राणीसाहेब दत्तक घेऊन बसल्या. महाराज वेशीपाशी बसत. नवरदेव वरातीहून येई, कोणी म्हातारा चूर्णाची पुडी कनवटीस लावून जाई, त्यास हाताने खुणावून जवळ बोलावीत आणि कानात सांगत, "दहा घटकांत उतरले नाही तर वैद्याकडे जा. लाजू नको. मी लाजलो." जिवंत राजाने हे सांगितले असते तर लोक हसते. मेलेल्याचे सांगणे म्हणोन सारे थरथरत ऐकत, आणि जात.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. महाराजांस संतान जाहले नाही. त्या गावात मात्र मागाहून त्या दुखण्याने कोणाचे अंग गेले नाही. इति.