कठोरा रोडवरची गर्दी

किसनरावांच्या गाळ्याचं शटर वर्षातून एकदाच वर जायचं, दसऱ्याला. त्यांची बायको मैनाबाई आत झाडू मारत, किसनराव नारळ फोडत, शटरला हळदकुंकू लागे आणि पुन्हा कुलूप. मोर्शीकडची थोडी जमीन रस्त्यात गेली, मोबदला हाती आला, तेव्हा त्यांनी अमरावतीत कठोरा रोडवर हा गाळा घेतला होता. भाडं येत राहील, आपण खुर्चीत बसून राहू, असा बेत. तेव्हा समोर तुरीचं शेत होतं. आता शेताच्या जागी एक कॉम्प्लेक्स होतं, त्याच्या बाजूला दुसरं, मागे तिसऱ्याचे पिलर निघाले होते, आणि साऱ्यांच्या कपाळावर एकच पाटी होती : गाळे भाड्याने देणे आहे. शहरात माणसं होती तेवढीच होती. त्यांनी चपला घ्यायच्या तरी किती?

अशात एका दुपारी कुंदनचा फोन आला. कुंदन म्हणजे त्यांच्या कॉम्प्लेक्सच्या बिल्डरचा मॅनेजर.

"काका, उद्या पुण्याच्या मॅडम येऊन राहिल्या. कपड्याची मोठी कंपनी हाय. खालचा पुरा मजला पाहिजे त्यायले."

किसनराव दिवाणावरून उठून उभे राहिले. "पुरा?"

"पुरा. तुमचा गाळाही आला त्यात. पन एक सांगतो. मागच्या खेपेले त्या बाजूचं कॉम्प्लेक्स पाहून गेल्या. म्हने, इथं तर कोनी फिरकतच नाई, आमी कपडे कोनाले विकू? तवा वरच्या मजल्यावर दोन-चार शटर उघडे ठेवा. जरा जाग दिसू द्या. मी त्यायले स्टेशनवरून घेऊन येतो."

कुंदनने पुढेही काही सांगितलं असेल. किसनरावांच्या कानात 'जाग दिसू द्या' एवढंच राहिलं आणि ते त्यांच्या अंगात भिनलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी खालच्या मजल्याचे सगळे गाळेवाले कॉम्प्लेक्ससमोर गोळा केले. शेजारच्या गाळ्याच्या मालकीण गोदाबाई, निवृत्त मास्तरीण, हातात छत्री घेऊन आल्या. किसनरावांचा मुलगा पियुष मोटारसायकलला टेकून उभा राहिला.

"साऱ्यायनं आपापलं दुकान मांडाचं," किसनराव म्हणाले. "जे हाय ते मांडा. घरचं आना, मागून आना, पन उद्या इथं बाजार दिसला पाहिजे."

"काका, कुंदन तर वरच्या मजल्याचं म्हनत होता न?" एकाने विचारलं.

"वर कोन चढते? लिफ्ट बंद हाय. मॅडम खालूनच परत गेल्या म्हंजे?"

पियुष पुढे आला. "बाबा, पन खालचा मजलाच तर त्यायले भाड्यानं..."

"तू मधात बोलू नको. तू टेम्पोचं पाह्य. मोर्शीहून मानसं आनाची हायत."

गोदाबाईंनी छत्री टेकवून विचारलं, "मी काय विकू? माझ्याकडे पुस्तकं आहेत आणि साड्या आहेत."

"साड्या मांडा," किसनराव म्हणाले. "पुस्तकं पाहून लोक पुढं सरकतात."

मैनाबाईंचा भाऊ देवीदास वलगावकडे भाजी लावायचा. त्याला निरोप गेला. स्वतः किसनरावांनी भांड्यांचं दुकान काढायचं ठरवलं, कारण भांडी घरात होती. त्यांनी मांडणीवरून कुकर, डबे, गंज, कढया उतरवल्या. शेवटी पितळी परातीला हात घातला तशा मैनाबाई आडव्या आल्या.

"ते ठेवा. माह्या मायनं देल्ली ते परात."

"अवं, विकाची थोडी हाय? दाखवाची हाय. पितळ असलं म्हंजे दुकानाले वजन येते."

सकाळी टेम्पोतून मोर्शीची मंडळी उतरली. मैनाबाईंच्या भजनी मंडळातल्या बायका ऑटोने आल्या. किसनरावांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि लग्नात वाढप्यांना सांगावं तसं बजावलं, "एकाच दुकानात सारे घुसू नका. हातात पिशवी पाहिजे. भाव करा, पन भांडू नका. अन् मले पाहून 'मामा' म्हनू नका कोनी."

तासाभरात खालचा मजला फुलून गेला. देवीदासची वांगी, मेथी, मुळे पायऱ्यांपर्यंत आले. त्याची बायको शकुन तराजू घेऊन बसली. भजनी मंडळाने भाव करायला तोंड उघडलं तसा आवाज थेट रस्त्यापर्यंत गेला. आणि मग किसनरावांनी विचारच केला नव्हता ते घडलं. रस्त्यावरून जाणाऱ्या एका ऑटोवाल्याने ब्रेक मारला. त्याच्या मागे एक स्कूटर थांबली, मग एक कार. इतकी माणसं जमली म्हणजे काहीतरी स्वस्त आहे, असं समजून खरी गिऱ्हाइकं आत घुसली.

गोदाबाईंची पहिली साडी विकली गेली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. ती त्यांना निरोप समारंभात मिळाली होती. दुसरी गेली तेव्हा त्यांनी पैसे दोनदा मोजले. त्यानंतर त्यांनी शकुनला गाळ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि घरून आणखी साड्या आणायला निघाल्या. एका माणसाने पियुषची मोटारसायकल सेकंडहँड समजून चालवून पाहायला मागितली. किसनराव ज्या खुर्चीवर बसले होते तिची एकाने किंमत विचारली आणि ते उठून नको म्हणेपर्यंत तिला उलटी करून पायही तपासले.

"बाबा, हे हाताबाहेर चाललं," पियुष हळूच म्हणाला.

"चालू दे," किसनराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता आणि आनंद मावत नव्हता. गाळा घेतल्यापासून ते ज्या दुपारची वाट पाहत होते, ती हीच होती. "पाह्य, अमरावती कशी उसळून राहिली ते."

नेमक्या त्याच वेळी कुंदनची गाडी आली. आली म्हणजे बरीच लांब थांबली, कारण जवळ जागाच नव्हती. पुण्याच्या भावना मॅडम पर्स सांभाळत, लोकांच्या कोपरांतून वाट काढत किसनरावांच्या गाळ्यापाशी पोचल्या. कुंदन मागे गर्दीतच अडकला. त्याचा एक हात तेवढा वर दिसत होता आणि तो काहीतरी खुणावत होता. किसनरावांनी त्याला हात हलवून प्रतिसाद दिला.

मॅडम समोर उभ्या असतानाच एका जाड काचांच्या चष्म्याच्या बाईने ती परात उचलली. बोटांनी वाजवून पाहिली, उलटी केली आणि कडेवर कोरलेली अक्षरं वाचली.

"यावर तर मैनाबाई असं नाव हाय."

"कंपनीचं नाव हाय ते," किसनराव म्हणाले.

"मैनाबाई?"

"जुनी कंपनी हाय. माल टिकते त्यायचा."

कंपनी बाजूलाच गिऱ्हाईक म्हणून पिशवी धरून उभी होती. ती पुढे झाली. "ते परात मी आधी पाह्यली होती."

"तुमी पाह्यली अशीन, उचलली मी हाय," चष्म्याची बाई म्हणाली. "बोला भाऊ, काय घेता?"

किसनरावांनी अव्वाच्या सव्वा आकडा सांगितला. बाई हो म्हणाली. मैनाबाईंनी त्यावर वाढवून सांगितलं. बाईने आणखी वाढवलं. भावना मॅडमनी मोबाइल काढून फोटो घेतला. आता मागे फिरता येत नव्हतं. भोवती माणसं जमली आणि मैनाबाई कोण हे ठाऊक असूनही मोर्शीची मंडळीही बाजू घेऊन बोलू लागली. शेवटी मैनाबाईंनी नवऱ्याकडे असं काही पाहिलं की किसनरावांनी घाईघाईने "या बाईले देल्ली" असं जाहीर केलं. मैनाबाईंनी पदराची गाठ सोडली, स्वतःच्या परातीचे पैसे स्वतःच्या नवऱ्याच्या हातात मोजून ठेवले आणि पावती मागितली.

"इतकी मागणी," भावना मॅडम स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "साध्या भांड्यांसाठी. आमच्या पुण्याच्या दुकानातसुद्धा कामाच्या दिवशी एवढी माणसं नसतात. काका, तुमचं किती वर्षांचं दुकान?"

"बापजाद्यांचं हाय," किसनराव म्हणाले. ते आता थांबूच शकत नव्हते. "एक मिनिट बसाले भेटत नाई."

"उत्तम. मला काही शंकाच राहिली नाही." त्यांनी नमस्कार केला आणि त्या गर्दीतून बाहेर पडल्या.

किसनरावांनी पियुषच्या पाठीवर थाप मारली. गोदाबाईंनी पेढे मागवायचं काढलं. देवीदासने उरलेली मेथी भजनी मंडळाला तशीच वाटून टाकली. ऊन उतरलं, माणसं पांगली, टेम्पोवाला हॉर्न मारू लागला, तेव्हा कुंदन रस्ता ओलांडून परत आला. त्याची चाल पाहूनच पियुष बाजूला झाला.

"झालं का?" किसनरावांनी विचारलं.

"झालं. मॅडमनं जागा पक्की केली."

"मी म्हटलं नवतं का?"

"समोरच्या कॉम्प्लेक्समध्ये."

किसनरावांनी मान वळवून रस्त्यापलीकडची पाटी पाहिली.

"काहून?" त्यांनी विचारलं.

"त्या म्हनतात, एरिया एकदम भारी हाय, गिऱ्हाईक पाहिजे तितकं हाय. पन तुमच्या इथं एक गाळा रिकामा नाई. चालते दुकानं उठवून आपलं दुकान लावनं त्यायच्या मनाले पटत नाई. अन् एक काका तर बापजाद्यांपासून बसले हायत म्हने." कुंदन पायरीवर बसला. "काका, मी वरच्या मजल्याचं सांगतलं होतं."

पियुष दुसरीकडे पाहत राहिला. मैनाबाई परात घेऊन मोर्शीच्या मंडळींना निरोप द्यायला टेम्पोच्या दिशेने निघाल्या, तोच एक बाई त्यांना आडव्या आल्या. जरीकाठी साडी, हातात गाडीची चावी. त्या दुपारपासून देवीदासच्या भाजीपाशी उभ्या होत्या, पण त्यांनी काहीही घेतलं नव्हतं.

"मी जयवंताबाई, अकोल्याची," त्या म्हणाल्या. "माह्यं तिकडे कॉम्प्लेक्स हाय. पुरंच्या पुरं रिकामं हाय. या मॅडम शुक्रवारी अकोल्याले येऊन राहिल्या. मी पाहाले आली होती, त्यायले काय आवडते ते." त्यांनी आवाज खाली केला. "हे हिरव्या लुगड्याची बाई मी प्रत्येक दुकानात पाह्यली. अन् ते टोपीवाले बुवा तेच ते मुळे तिसऱ्यांदा घेऊन राहिले होते. हे सारे तुमचेच लोक ना?"

किसनराव ताठ झाले. एवढा अपमान बस झाला, असं त्यांच्या ओठांवर आलंच होतं.

"आमचेच," मैनाबाई म्हणाल्या. "कितीक पाहिजेत?"

"आनता येतीन तितके. गाडी माही, जेवन माहं, वरून रोजी देईन."

"नुसत्या फिरनाऱ्या बाया पाहिजेत का भाव करनाऱ्या? भाव करनाऱ्यायची रोजी जास्त पडते."

किसनराव बायकोकडे पाहत राहिले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर दुपारचा रंग परत येऊ लागला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि जयवंताबाईंना बसायला दिली.

"पह्यले मले एक सांगा," ते जाणकाराच्या आवाजात म्हणाले. "तुमच्या समोर रिकामं कॉम्प्लेक्स हाय का? गर्दी ज्याच्या दारात, गाळे त्याच्या समोरच्याचे जातेत."

"एक? तीन हायत."

किसनरावांनी खिशातून मोबाइल काढला.

"मंग त्या तिघायचेही नंबर द्या मले."