हेडक्लार्कची गाठ

दप्तर बांधावं ते मीच. आमच्या चादरीच्या सोसायटीत मी एकवीस वर्षं हेडक्लार्क आहे आणि मी मारलेली गाठ आजवर दुसऱ्या कुणाला सहजी सुटलेली नाही. ऑडिटरसुद्धा दोनदा हात जोडून गेला.

अठ्ठ्याहत्तर साली पंधरा ऑगस्ट रमजानात आला. झेंड्याच्या घडीत पाकळ्या भरून दोरीची गाठ मारायचं काम दरसाल रंगखात्यातल्या दस्तगीरचाचांचं. पण रोजे धरलेला माणूस, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, त्याला उन्हात राबवायचं? छे! मी समारंभाच्या यादीतून चाचांचं नाव खोडलं आणि तिथं माझं लिहिलं. शिवाय जिलब्या रोजा सुटल्यावर, संध्याकाळीच वाटायच्या असं फर्मान काढलं. माझ्याच मनाच्या मोठेपणानं मला भरून आलं.

"चाचा, यंदा घरी आराम करा. गाठ मी मारतो."

"जैसी मर्जी, साहेब," एवढंच ते म्हणाले. मी ते आभार समजलो.

पंधराला सकाळी चेअरमन चनबसप्पांनी दोरी ओढली. झेंडा उघडेना. मग विहिरीत पडलेला रेडा काढावा तसे दोन्ही हातांनी ओढू लागले. राष्ट्रगीतासाठी दोनशे माणसं छाती भरून उभी, आणि श्वास सोडायची सोय नाही.

"गाठ कुणी मारली?" चनबसप्पा गरजले.

"दप्तराची दिसती," वॉचमन कल्लप्पा म्हणाला. "कपाटाची किल्ली लागंल की आता."

मी घामाघूम. "अरे, चाचांच्या घरी कुणाला तरी पाठव."

"घरी कशाला? सकाळधरनं फाटकाभायेर हुबं हायत. आत या म्हनलं, तर म्हनले यादीत नाव न्हाय."

मी धावलो. फाटकाबाहेर चाचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी, हातात पाकळ्यांचा रुमाल. दरसालसारखेच तयार होऊन आले होते.

"चाचा, तुमचा उपास म्हणून मी..."

"रोजा पेट का है साहेब, हातां का नईं. एक बार पूछना था ना मेरेकू."

मी फाटक उघडून धरलं.

झेंडा खाली घेतला. माझी गाठ सोडायला चाचांना दहा मिनिटं लागली, त्यांची मारायला दोन बोटं. चनबसप्पांनी दोरीला नुसता हात लावला आणि झेंडा फडकला. राष्ट्रगीतात चाचा नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या एक ओळ पुढं होते.

"अब जिलबी बांटो," ते म्हणाले. "नईं तो ये लोगां शामतक मेरे रोजे को गालियां देते बैठेंगे."

त्यांचा वाटा मात्र मी स्वतः, प्रेमानं पुड्यात बांधून दिला. संध्याकाळी रोजा सोडायला.

दुसऱ्या दिवशी चाचा माझ्या टेबलापाशी आले.

"कशी होती जिलबी?" मी विचारलं.

चाचांनी पुडा जसाच्या तसा समोर ठेवला.

"रोजा तो खजूरपे खुल गया, साहेब. ये गांठ नईं खुली."