केरोबा साळिंदर आणि जास्वंदीची कुंडी

मुलांनो, एका जंगलात, पार उंच डोंगरावर, फार थंडी पडायची. पहाटे गवतावरचं दव गोठून पांढरं व्हायचं. तिथे केरोबा नावाचे एक म्हातारे साळिंदर राहायचे. बायको वारलेली. मुलगा कंदमुळांच्या शोधात लांब रानात. घर सांभाळायची सून, ताराबाई.

बिळाला एकच झरोका होता. त्यातून ऊन यायचं. त्या उन्हात पाय पसरून केरोबा अख्खा हिवाळा काढायचे.

त्या वर्षी ताराबाईंनी माहेराहून, खालच्या उबदार मुलखातून, जास्वंदीची कुंडी आणली. दसरा सरला तशा शेजारच्या मुंगसीणबाई सल्ला द्यायला आल्या.

"जास्वंदीला गारठा सोसत नाही. एका थंडीत काळी पडेल. आजच आत घ्या. पानांखाली कीड बघा, पाणी बेताचं घाला. ऊन मात्र भरपूर हवं."

"ऊन तर एकाच जागी येतं," ताराबाई म्हणाल्या.

दोघींनी केरोबांकडे पाहिलं.

"मामंजी, जरा दाराशी सरकता का? थंडी सरेपर्यंतच."

केरोबा सरकले. दाराशी बोचरा वारा होता. येणारेजाणारे त्यांना ओलांडून आत जात.

"कशी आहे तब्येत?" एका सशाने विचारलं.

"बरी आहे," केरोबा म्हणाले.

"तुमची नाही हो. जास्वंदीची."

जास्वंदीची दोन पानं पिवळी पडली, तेव्हा ताराबाईंना घास गोड लागेना. केरोबांचे तीन काटे गळले. ते त्यांनी उचलून जास्वंदीच्या फांदीला आधार म्हणून कुंडीत रोवले.

एके दिवशी केरोबांचे गुडघे इतके आखडले, की उठून उभं राहायला दुपार झाली. त्यांनी जरा विचार केला. मग ओढ्याकाठची एक रिकामी कुंडी ढकलत दारात आणली. तळाशी माती भरली. आत बसून डोळे मिटले आणि काटे उभारले.

थोड्या वेळाने मुंगसीणबाई आल्या.

"अगं बाई, हा निवडुंग कधी आणलात? असला मी कुठे पाहिला नाही. बाहेर ठेवू नका, गारठ्याने सडेल."

ताराबाईंनी निरखून पाहिलं. निवडुंगाचं नाक वाहत होतं. त्यांना सगळं कळलं. पण मुंगसीणबाईंकडे निवडुंग नव्हता, हेही कळलं.

"माहेरचाच आहे," त्या म्हणाल्या, आणि दोघींनी जास्वंद जरा सरकवून ही कुंडी झरोक्याशी नेली.

मग केरोबांचे दिवस पालटले. सगळ्या बाजूंनी ऊन लागावं म्हणून ताराबाई त्यांना दर आठ दिवसांनी थोडं फिरवत. पाहुणे गेले की वाटीभर कढत कढण पाजत. झाडांशी बोलावं, असं मुंगसीणबाईंनी सांगितलं होतं. म्हणून ताराबाई रोज दुपारी निवडुंगाशी बोलू लागल्या. गेल्या सहा वर्षांत सासऱ्यांशी त्या इतकं बोलल्या नव्हत्या.

होळी झाली. हवा तापली. जास्वंद बाहेर गेली.

"मामंजी, आता उतरा," ताराबाई म्हणाल्या. "थंडी सरली."

"उतरलो की मी पुन्हा सासरा," केरोबा म्हणाले. "राहू दे, सूनबाई. काल काय सांगत होतीस माहेरचं? ते पुरं कर."

ताराबाई कुंडीशेजारी बसल्या.

तात्पर्य : म्हाताऱ्यांची काळजी घ्यावी, हे खरंच आहे. मात्र म्हाताऱ्यांनी आधी आपल्या मापाची कुंडी बघून ठेवावी.