दिवलीचं माहेरपण

आमची दिवली हा खोल समुद्रातला मासा आहे आणि ती दर वर्षी मे महिन्यात आमच्या परसातल्या विहिरीत माहेरपणाला येते.

मी तिची धाकटी बहीण कुंदा. मला गडहिंग्लजला दिली, म्हणजे घाटावर. दिवली खाली. आई म्हणायची, "एक चेडू वर दिलंय, एक खाली दिलंय. माका आपली मधीच बसान दोघांचीय वाट बघूक व्हयी." ही तिची तक्रार होती, पण ती सगळ्या वाडीला सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

आमच्या विहिरीला तळ नाही. दादाने लहानपणी घरातले सगळे दोर एकाला एक बांधून आत सोडून पाहिले होते. दोर संपले, आईने त्याला बदडलं आणि विषय मिटला. काही घरांना माडी नसते, तसा आमच्या विहिरीला तळ नव्हता.

दिवली पहिल्यांदा आली ती कळशीतून. माझ्या जन्माआधीची गोष्ट. आईने पाणी ओढलं आणि घागरीत ओतायला गेली तर आत उजेड. करंगळीएवढं काळंकुट्ट पिल्लू, कपाळावर एक काडी आणि काडीच्या टोकाला दिवा. तिचे दात बघून शेजारच्या बायका मागे सरल्या. आई म्हणाली, "दातांचा काय, येतत आणि पडतत." तिने पिल्लू परत विहिरीत सोडलं, त्याचं नाव ठेवलं आणि रोज ओंजळभर जवळा टाकायला लागली. विहिरीचं पाणी त्याच वर्षी खारट झालं. तेव्हापासून आई पिण्याचं पाणी देवळाकडच्या विहिरीवरून डोक्यावर आणायची. पुढे वडील लवकर गेले, दादा लहान, त्यात ही पायपीट. पण मुलीसाठी एवढं कोणीही करतं.

माझं निम्मं शिक्षण दिवलीच्या उजेडात झालं. संध्याकाळी लाईट जायची, मी पुस्तक घेऊन विहिरीच्या कठड्यावर बसायची आणि ती खालून दिवा धरायची. एखादा बेडूक त्या उजेडाला भुलून उडी घ्यायचा. तो ती खायची, पण माझ्याकडे पाठ करून. तिला तेवढी रीतभात होती. तुळशीपुढे आई दिवा लावायची, विहिरीवर मात्र कधी लावला नाही. म्हणायची, तिथे आमची लेक आहे.

मग ती मोठी झाली आणि एका वर्षी खाली निघून गेली. पुढच्या मे महिन्यात आली ती चांगली कलिंगडाएवढी होऊन आणि नवऱ्यासकट.

स्थळ तिने पाहिलं नव्हतं. स्थळानेच तिला शोधलं होतं, काळोखात, वासावरून. तो आला आणि तिच्या कुशीला चावला. ते तोंड त्याने परत काही काढलं नाही. हळूहळू त्याचं तोंड तिच्या कातडीत मुरलं, डोळे गेले, पोट गेलं आणि दोघांचं रक्त एक झालं. तो बोटभर लांबीचा होता आणि तिच्या कुशीला लोंबत होता. खाली त्यांच्यात अशीच पद्धत आहे. आईने नीट ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "सोडून जावचो तरी नाय."

खरी पंचाईत पुढे होती. माहेरपणाला मुलगी एकटी येते. जावई फार तर पोचवायला येतो, पाहुणचार घेतो आणि दुसऱ्या दिवशी निघतो. आमचे जावई निघू शकत नव्हते. बरं, जावई घरात आहे म्हटल्यावर त्याचा मान ठेवायला हवा. आई कठड्यावर दोन पानं वाढायची, आधी जावयाचं, मग लेकीचं. जावयाला तोंड नसल्यामुळे दोन्ही पानं दिवलीच जेवायची आणि तिच्या रक्तातून त्याला पोचायचं. आई मात्र दर वेळी विचारायची, "जावयबापूंका आवाडला मा?"

पण आईचा जीव अडकला होता तो दुसऱ्याच गोष्टीत. लेक माहेरी आली की आईने तिला जवळ घेऊन विचारायचं असतं, तुझं बरं चाललंय ना? आणि लेकीने खरं सांगायचं असतं. जावई कुशीला असताना हे कसं विचारणार?

त्यावर दादाने तोड काढली. दादा ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो. तो विहिरीच्या दर्याकडच्या बाजूला जाऊन बसायचा आणि जावयाशी मोठ्याने बोलायला लागायचा. "भावोजी, तुमका सांगतंय, ह्या नव्या इंजिनात काय दम नाय." डिझेलचा भाव, पंपाचा वॉशर, मुंबईहून येणारे सुटे भाग, असं तासन् तास. जावई काही बोलत नसत, पण जावयाने सासुरवाडीला फार बोलूही नये. तेवढ्यात माडाकडच्या बाजूला आई कठड्यावरून वाकून कुजबुजायची.

"घोव बरो असा मा गो?"

"असता बरो. काय बोलना नाय, काय मागना नाय."

"मगे बरोच."

मीही लग्नानंतर मे महिन्यातच यायची. आम्ही दोघी बहिणी आणि आई, तिघी विहिरीच्या एका बाजूला. दिवलीला उन्हाचा त्रास होई, म्हणून आई विहिरीवर माडाच्या झावळ्यांचे झाप टाकायची. त्यांच्या फटींतून दिवलीचा संथ आवाज यायचा. खाली कोणाला घाई नसते. तिची एक शेजारीण इतकी लांब होती, की एका टोकाला सांगितलेली बातमी दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत शिळी व्हायची. ती शेजारीण म्हणजे खरं तर एकत्र कुटुंब. एकाने फक्त खायचं, एकाने फक्त पोहायचं, एकाने पोरं बघायची, आणि सगळे एकाच अंगाला चिकटलेले. वेगळं निघायची सोय नव्हती. "मगे भांडाण झाला तर?" आईने विचारलं. "दोन दिवस वाकडी पोवता," दिवली म्हणाली.

पलीकडे उकळत्या पाण्याचे झरे होते आणि त्यांच्या काठी तोंड नसलेले लांबलचक लाल किडे उभे असायचे. कधी वरून देवमासा मरून पडायचा आणि मग गावजेवण सुरू व्हायचं. ती पंगत कित्येक वर्षं उठायची नाही. आधी मांस खाणारे बसायचे, मग हाडं पोखरणारे, आणि शेवटी दगडासारख्या हाडांवरही कोणी ना कोणी जेवत असायचं. एरवी वरून भुरुभुरु पीठ पडल्यासारखं काहीतरी पडत राहायचं. वर जे जे मरतं त्याचं ते पीठ. त्यावर सगळा मुलूख जगायचा.

आईला हे सगळं एकदा बघायचं होतं. माझ्या घरी ती दोनदा येऊन गेली होती. "कुंदाचा घर बघलंय. दिवलीचा काय माज्यान बघून होवचा नाय," असं ती दर वर्षी दिवलीची ओटी भरताना म्हणायची. तांदूळ, खण आणि नारळ. नारळ मात्र बुडायचा नाही, दिवली खाली गेली तरी तो वर डुलत राहायचा. आईला ते अशुभ वाटायचं. मग दादाने काथ्याने नारळाला चिऱ्याचा तुकडा बांधून दिला आणि ओटी लेकीच्या घरी पोचायला लागली.

गेल्या वर्षी पौषात आई गेली.

मला अजून ते नीट लिहिता येत नाही. रडून झालं, दिवस झाले आणि परतीच्या एसटीत बसल्यावर मला एकदम कळलं, की आता मे महिन्यात जायला कारण उरलं नाही. आईच्या इच्छेप्रमाणे दादाने अस्थी विहिरीत सोडल्या होत्या. दिवलीला कोण कळवणार, हा प्रश्न तेव्हा कोणी काढला नाही.

मग एप्रिलमध्ये दादाचा फोन आला. विहिरीवर स्लॅब पडणार होता. वहिनीने, म्हणजे सुगंधाने, मागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला काढल्या होत्या आणि एक पोर कठड्यावरून आत डोकावताना पडता पडता वाचलं होतं. वहिनीचं काही चुकलं असं मला म्हणता येईना.

मी आले तेव्हा ग्रामसेवक विहिरीपाशी उभे होते.

"विहीर वापरात आहे का?" त्यांनी विचारलं.

"वर्षाकाठी महिनाभर," दादा म्हणाला.

"पाण्यासाठी?"

"नाही. माहेरपणासाठी."

ग्रामसेवकांनी विचार केला. "तुमची आई असताना तो वापर धरता आला असता," ते म्हणाले. "आता माहेरपण करणार कोण, ते घरातून कळायला हवं."

त्यांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनी पदराला हात पुसत आत निघून गेली.

दिवली आली ती दिवेलागणीला. आधी तळाशी, म्हणजे तळ नाही तिथे, एक ठिपका दिसला, मग उजेड मोठा होत गेला. दर वर्षी त्या वेळी आई म्हणायची, "इला गो माजा चेडू." त्या दिवशी ते म्हणायला कोणी नव्हतं. दादा जावयाशी बोलायला म्हणून दर्याकडे जाऊन बसला आणि त्याला इंजिनाचा एक शब्द सुचेना. मला वाटलं, हिला आता कोण सांगणार? आणि सांगितल्यावर ही पुन्हा कशाला येणार?

"दिगादा," दिवलीच दादाला म्हणाली, "सांगूक जाव नको. आये माज्याकडे पोचली."

"कधी?" दादाने विचारलं.

"झाले थोडे दिवस. सावकाश इली. पिठासारखी, वाटेत थांबत. सगळ्यांका इचारीत इली, दिवलीचा घर खय म्हणान."

मी कठड्यावरून खाली वाकले. "बरी असा मा गो?"

"बरी असा. इल्या इल्या म्हणाली, काळोख कित्याक केलंस, दिवो लाव. मी म्हटलंय, आये, ह्यो काय लावलेलो. मगे माज्या घरात झाडू नाय म्हणान बोलली. शेजारणीक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भेटान इली. आता तिचो अडकित्तो तेवढो धाडून दी म्हणता."

वहिनी कधी मागे येऊन उभी राहिली ते कळलं नाही.

"आणि वयनी," दिवली म्हणाली, "तुका निरोप असा. तुज्या हातचा बांगड्याचा तिखला तिका लय आवडायचा. तोंडार सांगूक तिका कधी जमाक नाय."

वहिनीला लग्न होऊन या घरात येऊन माझ्या लग्नाइतकीच वर्षं झाली होती. आई रोज तिच्या हातचं जेवायची आणि ताट पुसून घ्यायची, पण बरं झालंय असं म्हटल्याचं आम्हा कोणाला आठवत नाही.

"जेवतानाच सांगला असता," वहिनी शेवटी म्हणाली, "तर चार घास मीय सुखान जेवलंय असतंय." आणि कठड्याला टेकून ती जी रडायला लागली, ती आई गेली तेव्हासुद्धा इतकी रडली नव्हती. दादाला वाटलं, जावयाला हे दिसू नये, म्हणून तो घाईघाईने डिझेलच्या भावावर आला.

दुसऱ्या दिवशी वहिनीने दोन पानं वाढली, आधी जावयाचं. ग्रामसेवक आले तेव्हा ती त्यांना म्हणाली, "विहीर वापरात असा. माहेरपण मी करतंय." स्लॅब पडला, पण मधे झाकण ठेवून. झाकणाला कडी दोन्ही बाजूंनी आहे, कारण माहेरवाशिणीला दार ठोठावायला लावणं बरं दिसत नाही. पोरं डोकावण्याचा प्रश्नही मिटला.

निघायच्या दिवशी दिवलीने विचारलं, "कुंदा, तू कधी येतलंस?"

"खय?"

"खय म्हणजे? आये थय असा मा. माहेर आयेकडे असता."

मी ह्यांना फोन केला. आमचे हे शाळेत शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. कोणाशीही कशावरही बोलू शकतात, समोरच्याने उत्तर दिलं नाही तरी यांचं अडत नाही. त्यांनी फक्त विचारलं, मुक्काम किती. सावकाश जायचं आणि सावकाश यायचं, म्हणजे महिना धरा, म्हटलं. वहिनीने माझी ओटी भरली आणि नारळाला स्वतःच्या हाताने चिरा बांधला. अडकित्ता मी कमरेला खोचला. दिवली पुढे, तिच्या दिव्यामागे मी.

सगळं दिवलीने सांगितलं तसंच आहे. पीठ पडतं, काळोख आहे, शेजारीण लांब आहे. आई सगळीकडे थोडी थोडी बसली आहे. तिने अडकित्ता घेतला, माझा दंड चाचपला, वाळलीस म्हणाली. मग ती माझ्या कानाशी आली आणि काहीतरी सांगायला लागली, आणि एकदम थांबली. जावई समोरच होते. तिथे दादा नव्हता. महिनाभर आई तशीच कानाशी यायची, जावयाकडे बघायची आणि सुपारी कातरायला लागायची. मी तशीच परत आले.

परवा पुन्हा निघायचं आहे. यंदा मी ह्यांनाही बरोबर नेते आहे. माहेरपणाला नवरा नेत नाहीत, हे मला ठाऊक आहे, पण दिवलीच्या यजमानांशी कोणीतरी बोलत बसायला हवं. उसाच्या दरापासून सुरुवात करायची असं ह्यांनी ठरवलं आहे.